आकृती मोठी होत नाही

ताई रुग्णालयात परिचारिका. चाळिशीत नर्सिंगच्या पदवीच्या परीक्षेला बसायचं खूळ तिनं डोक्यात घेतलं होतं, आणि एकदा घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नसे. पण मागच्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर अशीच उतरत जाणार, इलाज नाही. तेव्हापासून तिला आत काहीच जाणवत नव्हतं. घरी 'चष्म्याचा नंबर वाढलाय' एवढंच सांगून ती धाकट्या भावाबरोबर दुकानात पुस्तकं वाचायचा ई-रीडर बघायला आली.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात चालो न चालो, तोंडाचा पट्टा चालू. "हा छोटा घे ताई, पर्समध्ये मावतो. नाहीतरी दोन पानं वाचून घोरणारच तू."

"अक्षर मोठं होतं का?" तिनं दुकानदाराला विचारलं.

"हवं तेवढं, मॅडम." त्यानं वाढवलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. त्यानं आणखी वाढवलं. पानावर जेमतेम दहा-बारा शब्द उरले, तेव्हा ती म्हणाली, "आता ठीक."

धाकट्यानं हातातला छोटा परत ठेवून दिला. किती मोठं अक्षर किती लांबून दिसायला हवं, हे पाट्या रंगवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

"शरीररचनेचं पुस्तक उघडा," ती दुकानदाराला म्हणाली.

मजकूर वाढला, पण हृदयाची आकृती आणि तिच्याभोवतीची नावं होती तेवढीच राहिली. दुकानदारानं बोटांनी चित्र ताणलं, तर ते नुसतंच पुसट झालं. मग त्यानं सगळ्यात मोठ्या पडद्याचा आणला. त्यावरही तिला नावांच्या जागी मुंग्याच दिसल्या.

"हाच द्या."

"अगं, पण तुला दिसत नाहीये!" धाकटा म्हणाला.

"मजकूर दिसतो."

"ताई, हा चष्म्याचा नंबर नाही. काय झालंय?"

तिनं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "आईला बोलू नकोस."

"मला तरी कुठे बोललीस?" त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आकृत्या मी काढून देतो. तुझ्या खोलीची अख्खी भिंत घेतो. हाताएवढी अक्षरं! बघच तू."

"काढ," ती म्हणाली. "पण परीक्षेत आकृती कागदावरच येते रे. भिंत कुठे नेऊ?"

तो सवयीनं हसला, आणि हसता हसता तिथंच, दुकानदारासमोर, रडायला लागला. रडायची पाळी खरं तर तिची होती. तिनं पिशवी घेतली, त्याचा दंड धरला आणि पायऱ्या उतरताना त्यालाच म्हणाली, "खाली बघून चाल."