कोरांटीला दीड हात

पुण्याची बदली मिळाल्याचा आनंद झाला, असं पद्मनाभनं सगळ्यांना सांगितलं. बंगळूरला आल्यापासून नऊ वर्षं तो ती मागत होता. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या कंपनीनं आता सोमवारपर्यंत होकार कळवायला सांगितलं होतं, आणि आज रविवार होता. त्याची बायको सुचेता यावर "बघू" एवढंच म्हणाली होती. तिच्या "बघू"पुढे आजवर कुठलाही बेत तगलेला नव्हता, पण आनंद झालेल्या माणसाला हे सुचत नाही.

एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या भाड्याच्या घरापुढे, कुंपणाच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी होती. माती म्हणायची ती सौजन्यानं. बांधकामातून उरलेलं सिमेंट, फुटक्या फरशा, खडी, आणि वरून दिवसभर ऊन. दर दिवाळीआधी दोघं नर्सरीतून शेवंती आणि पिटुनिया आणत. होळीपर्यंत ती वाळून जात. जास्त टिकणारं काही लावायचा प्रश्नच नव्हता, कारण आपण आता जाणारच, यावर घरात एकमत होतं. निदान पद्मनाभचं तरी होतं.

यंदाही नर्सरीत त्यानं शेवंतीची रोपं ट्रेमध्ये ठेवली. सुचेतानं ती उचलून पुन्हा जागेवर नेऊन ठेवली आणि नर्सरीवाल्याकडे कन्नडमध्ये कोरांटी मागितली. मग गॅलार्डिया. मग सदाफुली.

"अगं, कोरांटी वर्षानुवर्षं राहते."

"माहितीये."

"आपण दोन महिन्यांत निघणार!"

"कोरांटीला कुठे निघायचंय?"

घरमालकांना जाता जाता काहीतरी ठेवून जायचा विचार असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मग आपणही उदार व्हावं म्हणून गांडूळखताची चार पोती घेतली.

दुपारी तो खडी वेचून त्या जागी खत ओतत होता, तेव्हा वरच्या गॅलरीतून घरमालक भीमसेनराव वाकले. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फौजेबरोबर इकडे आलेलं. मराठी घरात टिकली होती, पण तिला इथलं पाणी लागलं होतं.

"काय चाललंय, पद्मनाभराव?"

"माती सुधारतोय, अण्णा."

"अय्यो, नका हो सुधारू! गॅलार्डियाला लई खाऊ घातलं की नुसता पाला येतो. फूल नाही. ऊन द्यायचं, खडी द्यायची, आणि लाड करायचे नाहीत. आमच्या घरी मला असंच ठेवलंय."

"म्हणून फुललात होय!" सुचेता खालून म्हणाली.

"बघा, अक्काला कळतं. पण तुम्ही तर पुण्याला जाणार म्हणे?"

"हो ना," पद्मनाभ म्हणाला. "आम्ही काय, दोन वर्षांसाठीच आलो होतो."

"आम्ही पण," अण्णा म्हणाले. "मोहीम संपली की परत जाऊ, असं आमच्या मूळ पुरुषानं बायकोला सांगितलं होतं. स्वल्प उशीर झाला." आणि कॉफीची हाक आली म्हणून आत गेले.

पद्मनाभ हसला. सुचेता हसली नाही. ती ओंजळीनं खत परत पोत्यात भरत होती.

"तुला जायचं नाहीये," तो म्हणाला.

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"नाही जायचं." तिनं हात झटकले. "तिकडे तुझी शाळा, तुझे मित्र, तुझा कट्टा. माझं माहेर होतं, ते दादानं विकून टाकलं. इथे मला भाजीवालीशी भांडता येतं, पद्मा. कन्नडमध्ये. ते यायला किती वर्षं गेली माझी!"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"परत जायचंय, हे म्हणताना तू इतका खूश असायचास. ते कसं काढून घ्यायचं?"

तो खडीवरच बसला. कट्ट्यावरचा एक मित्र कॅनडात होता, दुसरा रोज हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेला असे आणि तिथूनच फोन करी. उरलेल्यांपुढे आपण काय बोलणार, ते पद्मनाभला लख्ख दिसलं. बंगळूरची हवा, बंगळूरचा डोसा, बंगळूरचे अण्णा. लोक तासाभरात कंटाळले असते.

"उद्या नाही म्हणून कळवतो."

"माझ्यासाठी नको. जन्मभर ऐकवशील."

"ऐकवीनच," त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. "पण तुझ्यासाठी नाही. तिथे जाऊन मी इथलंच सांगत बसेन."

तिनं पहार त्याच्या हातात दिली. पहिली कोरांटी लागली. दुसरीसाठी त्यानं लगेच शेजारी खणायला घेतलं.

"दीड हात सोड. पसरते ती."

"तोवर मधे काय?"

"काही नाही. मोकळंच."

त्यानं हातानं मोजून अंतर सोडलं. काटक्यांसारख्या दोन रोपांमधली ती उघडी जागा फार मोठी दिसत होती. त्याला वाईट वाटलं, खूपच वाटलं. नऊ वर्षांपूर्वी नुसती गाडी पकडली होती, पुणं आज सुटलं. सुचेताला ते दिसलं असावं. तिनं पुढचं रोप पिशवीतून सोडवलं आणि मुळाशी हात धरून त्याच्याकडे दिलं.