दुपारचा रकाना

परसूनं कानामागची पेन्सिल काढली आणि गेटातून आत शिरणाऱ्या चौघा म्हाताऱ्यांच्या चार उभ्या रेघा मारल्या. पाचवा मागून चप्पल घासत आला, त्याची रेघ त्या चौघांवर आडवी ओढली. उणकलच्या त्या टीचभर बागेत नऊ वर्षं तो माळी होता, ठेकेदाराच्या हजेरीवर. झाडं मोजायला त्याला कैकदा सांगितलं होतं, माणसं मोजायला पहिल्यांदाच.

कागद दिला होता दीपश्री मॅडमनी. धारवाडची तरुण बाई, कॉलनीच्या समितीनं बागेचा नवा आराखडा करायला बोलावलेली. बाग कुणाकुणाला लागते ते आधी कळू दे, मग काय बांधायचं ते ठरवू, असं तिचं म्हणणं. सकाळी चालणारे, बाकावरचे म्हातारे, संध्याकाळची पोरं, सगळ्यांचे रकाने वेगळे. शिवाय एक दुपारचा, बारा ते चार. आठ दिवस मोजायचं.

आता दुपारी बाग बंद असते. म्हणजे पुढचं गेट बंद असतं. मागचं बारकं फाटक परसू गुपचूप उघडं ठेवायचा. आसपासच्या अपार्टमेंटांत धुणीभांडी करणाऱ्या पंधरा-वीस बाया त्यातून आत यायच्या. सकाळची घरं आणि संध्याकाळची घरं यांच्यामधले चार तास काढायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. करंजाच्या सावलीत डबा खायचा, नळाचं पाणी प्यायचं, संडासाला जायचं, बाकावर घटकाभर पाठ टेकायची. परसूची लेक राणी त्यातलीच. सातवा महिना, पाय सुजलेले. घर दुर्गदबैलच्या पार पलीकडे, जाऊन येण्यातच दुपार संपावी. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, रोज दुपारी दोन तास डाव्या कुशीवर पडायचं म्हणजे पडायचंच, नाहीतर पोटातल्याला धोका आहे.

त्या दुपारी ती आली आणि परसूच्या हातातला कागद बघून हसली.

"अप्पा, मला कुणात धरलायस? म्हाताऱ्यांत का पोरांत?"

"गप पड जा."

"माझ्या दोन रेघा मार बघ. एक माझी, एक ह्याची." तिनं पोटावर हात ठेवला.

"मारल्या," परसू म्हणाला.

मारल्या कसल्या! समितीचे अध्यक्ष जयतीर्थ मास्तर. गेल्या साली त्यांनी बाकावर झोपलेल्या दोन बाया पाहिल्या होत्या आणि परसूला उभं करून सुनावलं होतं, की पुन्हा असं दिसलं तर ठेकेदाराला सांगून तुला घरी बसवतो. तो कागद मास्तरांच्या हातून जाणार हे परसूला ठाऊक होतं. म्हणून आठही दिवस दुपारच्या रकान्यात त्यानं गोल गरगरीत शून्य काढलं. कागदावर बाया नाहीत, म्हणजे त्यांच्यामागं कुणी लागणार नाही. आपण मोठी हुशारी केली असंच त्याला मनातून वाटत होतं.

महिन्यानं दीपश्रीनं नकाशा बाकावर पसरला. मास्तर चष्मा सावरत बघत होते. चालणाऱ्यांना मऊ रस्ता, संडास पाडून तिथं पोरांना चाकांच्या बुटांवर पळायला फरशी. म्हाताऱ्यांना गुडघ्यावर जोर न येता उठता यावं म्हणून प्रत्येक बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा. मागचं फाटक बुजवायचं. मास्तर खूश होऊन चहाला गेले. परसू पाइप गुंडाळत तिथंच रेंगाळला.

"परसूअण्णा, तुम्हाला म्हणून सांगते," दीपश्री म्हणाली. "दुपारी कामाच्या बाया येत असतील असं मला वाटलं होतं. सगळीकडेच येतात. त्यांच्यासाठी मागं शेड धरली होती मी, आडवं व्हायला रुंद कट्टा. मास्तर नको म्हणत होते. मी म्हटलं, आकडे येऊ देत, मग भांडते. आठही दिवस शून्य. भांडू कशावर?"

परसूनं पाइप खाली ठेवला. तो म्हणाला, "येतात मॅडम. पंधरा-वीस."

"मग लिहिलं का नाही?"

परसूनं मास्तर गेले त्या वाटेकडं पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

"नकाशावर अजून सही व्हायचीय," ती हळू म्हणाली. "मी सांगते त्यांना. पण कागद तुमच्या हातचा आहे. कसं चुकलं ते विचारतील, तुमचं नाव निघेल."

हजेरी गेली तर राणीचं बाळंतपण कशावर करायचं, एवढंच परसूच्या डोक्यात आलं. मग राणीचे सुजलेले पाय आले. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तो म्हणाला, "नको मॅडम. राहू दे."

दीपश्रीनं नकाशा गुंडाळला.

पंधरा दिवसांनी मागच्या फाटकाच्या जागी भिंत उठली. गवंड्याला विटा परसूनंच दिल्या. दुसऱ्या दिवशी साडेबाराला राणी पुढच्या बंद गेटाबाहेर येऊन उभी राहिली आणि मग उन्हातच गटाराच्या कडेला फरशीवर टेकली. बाकीच्या बाया कुठं पांगल्या कोण जाणे. परसूनं गजांतून पाण्याची बाटली दिली. पुढच्या गेटाचं कुलूप समितीनं बदललं होतं, किल्ली मास्तरांकडं होती; बाराला ते कुलूप घालून जायचे, मग चारपर्यंत परसूही आतच.

"मागं भिंत घातली की, अप्पा."

"हं."

राणीनं दोन घोट घेतले, तोंड पुसलं. कुशीवर होता येतंय का ते बघितलं, पण फरशी तापली होती.

"त्या मॅडमनी मोजायला लावलं होतं ना? कोण कोण येतं ते?" तिला खरंच कळत नव्हतं. "माझ्या तर दोन रेघा होत्या."

परसूनं गजांतून हात घालून बाटली परत घेतली. भरून आणतो, असं पुटपुटत तो वळला. बाटली अजून अर्धीअधिक भरलेली होती.