कॅफेच्या वरची वाट

"ढब्बू, बस म्हटलं ना!" कवळीकाका पुन्हा म्हणाले.

ढब्बू काही बसला नाही. लोंबत्या कानांचं ते म्हातारं कुत्रं टेबलाकडे पाठ करून, पट्टा ताणून, टेकडीकडे तोंड करून उभं होतं.

"त्याला वर जायचंय," कॅफेवाल्या बाई चहा ठेवत म्हणाल्या. "दरवर्षी याच वेळेला निघायची की दोघं."

दोघं म्हणजे ढब्बू आणि काकू. काकू आता नाहीत, हे बाईंना काल संध्याकाळीच कळलं होतं. काका एकटेच दारात दिसल्यावर त्यांनी आधी काकांच्या मागे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता ढब्बूसाठी पाणी आणायला आत गेल्या.

काकांचा सगळा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घासण्यात गेला होता. त्यामुळे समोरचा माणूस हसला, की त्यांना हसू दिसायच्या आधी दाढा दिसत. मूलबाळ नव्हतं. ढब्बू घरात आला तो काकूंच्या हट्टामुळे, आणि आल्यापासून सुट्टीचं अवघडच होऊन बसलं. खोली हवी म्हणून फोन करावा, सोबत कुत्रं आहे म्हणावं, की पलीकडून फोन खाली. काका म्हणायचे, "ठेवू या की त्याला कुणाकडे तरी चार दिवस." त्यावर काकू फणकारायच्या, "त्याला टाकून मी स्वर्गातसुद्धा जायची नाही!"

मग कुणीतरी या खेड्याचं नाव सुचवलं. नदीकाठची वाट, मागे टेकडी, आणि एक कॅफे. त्याच्या दारावर पाटी होती: 'कुत्र्यांचं स्वागत आहे. सोबतच्या माणसांनाही सांभाळून घेऊ.' ती वाचून काकू रस्त्यातच इतक्या हसल्या, की ढब्बू घाबरून भुंकायला लागला.

त्यानंतर दुसरीकडे जायचा प्रश्नच उरला नाही. सकाळी तिघंही नदीकाठानं फिरत. दुपारी कॅफेत चहा झाला, की काकू पट्टा हातात घेऊन विचारायच्या, "येता का वर?"

"तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथंच." काकांचं डोकं पेपरात.

दरवर्षी हेच उत्तर, तरी काकू दरवर्षी विचारायच्या. तासाभरानं दोघं परत यायची. ढब्बूच्या कानांत कुसळं, काकूंच्या साडीला कुसळं. वर काय आहे, हे काकांनी कधी विचारलं नाही. टेकडीवर काय असणार? टेकडीच!

यंदा मेहुणीनं परोपरीनं सांगितलं होतं, "भावजी, नका जाऊ तिथं. तिची फार आठवण येईल."

"इथं काय कमी येते?" काका म्हणाले, आणि ढब्बूला घेऊन बसमध्ये बसले.

आता ढब्बूनं पट्ट्याला असा हिसका दिला, की काकांच्या हातातला कप हिंदकळला. पेपरची घडी करून ते उठले. "चल बाबा. बघू तरी तुझं काय काम अडलंय वर."

वाट चांगली होती. झुडपांतून वळत वळत वर जाणारी, मध्ये दगडी पायऱ्या. घरी उठायला कुरकुरणारं कुत्रं इथं लगबगीनं चाललं होतं. प्रत्येक वळणावर ते थांबे, मागे पाही. नजर काकांवरून पुढे सरके, रिकाम्या वाटेवर जाई, आणि मग ते पुन्हा चालू लागे. दुसऱ्या वळणापासून काकांनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं.

माथ्याजवळ एक बसकं घर होतं. दारापुढच्या बाकावर एक म्हातारी लोकर विंचरत बसली होती. ढब्बूनं थेट जाऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

"आलास का रे, लबाडा!" म्हातारीनं त्याचे कान कुरवाळले, मग वर पाहिलं. "तुम्ही खालचे का? कॅफेत बसणारे?"

"हो," काका म्हणाले.

"अगं बाई! चढून आलात? मग पाय बरा झाला म्हणायचा."

"कुठला पाय?"

"तुमचा गुडघा हो. तुमच्या बाई सांगायच्या ना. म्हणायच्या, यांना चढ अजिबात सोसत नाही, नाहीतर मला एकटीला एक पाऊल टाकू द्यायचे नाहीत. फार जीव तुमचा त्यांच्यावर."

काका उभेच राहिले. घरी तिसऱ्या मजल्यावर ते भाजीची पिशवी घेऊन एका दमात चढत. गुडघ्यानं त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नव्हता.

"बरा आहे," ते म्हणाले. "आता बरा आहे."

"आणि बाई? मागे राहिल्या?"

काकांनी मान हलवली. "ती गेली. हिवाळ्यात."

म्हातारीचा हात ढब्बूच्या डोक्यावर तसाच राहिला. मग तिनं लोकरीची टोपली उचलून खाली ठेवली आणि बाकावर जागा केली. "बसा. याच बाजूला बसायच्या त्या."

काका बसले. समोर दरी उघडी होती. नदी, पूल, आणि खाली अगदी नीट दिसणारं कॅफेचं अंगण. कोपऱ्यातलं टेबलसुद्धा ओळखू येत होतं.

"इथून हात करायच्या तुम्हाला," म्हातारी म्हणाली. "तुम्ही आपले पेपरात. मी म्हणायची, हाक तरी मारा. तर म्हणायच्या, नको हो, वर बघितलं तर धावत निघतील, आणि गुडघा दुखेल."

काकांना हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच मोडलं. म्हातारी उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, दोन कप चहाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

ढब्बू वाटेकडे तोंड करून बसून राहिला होता. ऊन उतरायला लागलं तसा तो कण्हत उठला, काकांपाशी आला, त्यांच्या बुटावर डोकं टाकून आडवा झाला आणि झोपी गेला.

म्हातारी चहा घेऊन आली. "सरकवा त्याला थोडं. जड आहे तो. मुंग्या येतील पायाला."

"येऊ देत," काका म्हणाले. त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि पाय तसाच ठेवला.