रमाबाईची बावीस पावलं

मले भेकड म्हणा, चालते. चार दिवस पाऊस लागला अन् आमच्या मधल्या खोलीची फरशी पोकळ वाजायला लागली, तेव्हापासून मी भेकडच हाय. भिंतीतली भेग गुरुवारी नखाएवढी होती. शनिवारी तिच्यात बोट जायला लागलं.

"काळी माती हाय," आमचे हे, विनय म्हणाले. हे तहसील कचेरीत क्लार्क. "पावसात फुगते, उन्हात आकसते. अख्ख्या लेआउटले भेगा पडल्या. शाळेत भूगोल शिकवते अन् तूच भेऊन राह्यली?"

"शिकवते म्हणूनच भेते! फुगलेली माती फरशी वर उचलते. आपली खाली चालली."

त्यांनी पेपर उघडला. असा राग आला म्हणता!

त्याच दुपारी पोछा मारताना बादली कलंडली. सारं पाणी त्या खोलीच्या उंबऱ्याजवळच्या सांध्यातून गपकन खाली गेलं. मंग काहीच नाई. दोन मोजेपर्यंत काहीच नाई. अन् मंग खोल खालून पाण्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

ओसरीवर तूर निवडत बसलेल्या माझ्या सासूबाई, चंपाबाई, उठून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी बी ऐकलं होतं.

"हीर हाय वं खाली," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, हे आज सांगून राह्यल्या?"

बारा वर्षांआधी इथं गोपाळरावांचं कपाशीचं वावर होतं. आत्याबाईंची पंधरा वर्षं तिथं निंदण्यात अन् कापूस वेचण्यात गेली. मंग हायवे रुंद झाला, आदिलाबाद पसरत इकडं आलं, वावराचे धुरे-बांध मोडून प्लॉट पडले. आम्ही घर बांधलं तेव्हा आत्याबाई नार्नूरले लेकीकडे होत्या. आल्या तेव्हा त्यांनी विचारलंही होतं, इथली हीर कुठं गेली म्हणून. ह्यांनी लेआउटचा नकाशा दाखवला. हीर बुजवली, तिच्यावर पार्क हाय.

आताही ह्यांनी तोच नकाशा काढला. "हे पाह्य. पार्क. घरापासून किती दूर हाय!"

"नकाशा खोटा हाय. हीर बुजवली नाई, नुसती झाकली," आत्याबाई म्हणाल्या. "कागदावर लिहिलं म्हणून मी गप बसली. चुकलंच माझं."

"पण माय, तुले काय माहीत? तुमाले तर हिरीजवळ जाऊच देत नव्हते."

"जाऊ देत नव्हते म्हणून तं माहीत हाय!" आत्याबाईंचा आवाज चढला. "त्या काळ्या दगडापाशी बसवत होते आमाले. उन्हानं घसा सुकलेला. गोपाळरावाची माय, रमाबाई, हिरीवरून घागर घेऊन निघाली की आमी तिची पावलं मोजत होतो. बावीस. मंग वरून ओंजळीत पाणी."

तो दगड जेसीबीले हलला नव्हता. आमच्या फाटकाबाहेर तसाच पडून हाय. आत्याबाई त्याच्यापाशी गेल्या, मावळतीकडे तोंड केलं अन् घागर घेतलेल्या बाईसारखी बारीक पावलं टाकत निघाल्या. पाचव्या पावलाले फाटक, अकराव्याले ओसरी. मी मांगं मांगं. हे बी आले. एकोणिसाव्या पावलाले आत्याबाई मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या.

तीन पावलं पुढं खाट होती. खाटेवर माझी लेक अदिती, कधी येऊन निजली कोण जाणे, कानात गाणी लावून, पुस्तक छातीवर ठेवून झोपलेली.

हाक मारली तर तिले ऐकू जाणार नाई. अन् ऐकू गेली तर ती धपकन उडी मारून उठणार. हे आत निघाले तशी मी त्यांची बाही धरली. "तुमचं वजन पाहा जरा!"

"माझ्यात वजन हायच कुठं," म्हणून आत्याबाई आत गेल्या बी. भिंतीले पाठ लावून, एकेक पाय सरकवत. फरशी वाजत होती. मी देवाचं नाव घेत नाई, पण त्या दिवशी कोणाकोणाले आळवलं ते मलेच ठाऊक. त्यांनी अदितीच्या तोंडावर हात ठेवला, कानातलं काढलं, काही सांगितलं. पोरगी पांढरीफट्ट पडली. दोघी भिंतीले धरून आल्या. अदिती हाताशी येताच मी तिले असं ओढलं की तिचा खांदा आठ दिवस दुखला.

मंग खाटेचा एक पाय खचला. फरशा तडकल्या, खाट कलली अन् मधली सारी जमीन घेऊन खाली गेली. घर हादरलं. खालून आवाज आला तेव्हा अदिती किंचाळली. हे तिले घेऊन अंगणात पळाले.

धुरळा बसला तर आत्याबाई उंबऱ्यावरच. वाकून खाली पाहत होत्या.

"आत्याबाई, मांगं सरा! हिरीजवळ जाऊ नका!" मी ओरडली.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाह्यलं. रागानं पाह्यलं असतं तर बरं झालं असतं.

"पंधरा वर्ष हिचं पाणी पेलं, दीपमाला," त्या म्हणाल्या. "एकडाव पाहू तं दे."

भिंत कडकड वाजून राह्यली होती. त्यांचा पदर माझ्या दोन्ही मुठींत होता, अन् तरी मले त्यांना ओढवेना.