टाकीवरून दिसलेली खिडकी

मावशीनं आणलेल्या तीन स्थळांना मी नकार दिला होता. एकाचं नाक, दुसऱ्याची आई, तिसऱ्याचं हसणं अशी कारणं सांगितली. खरं कारण एकच होतं. आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. तळमजल्यावरच्या घड्याळजींच्या नळावरून रोज सकाळी मी बारा बादल्या वर नेते. मी लग्न करून गेले तर गुडघेदुखीनं बेजार झालेल्या आईला पाणी कोण आणून देणार?

चौथं स्थळ प्लंबरचं. मावशी म्हणाली, "रविवारी भेट त्याला. संध्याकाळी मी येते, हो की नाही ते एका शब्दात सांग. माझ्या चपला झिजल्या आता."

रविवारी तो आला तो खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं अडकवून.

"फिरायला जायचंय की नळ दुरुस्तीला?" मी विचारलं.

"पाण्याच्या टाक्या बघायला. गावात तीन बघण्यासारख्या आहेत."

मी मनात म्हटलं, आज नकारासाठी फार डोकं चालवावं लागणार नाही.

पहिली टाकी विटांची, अष्टकोनी. तिच्यात पाणी नाही, नुसती कबुतरं. दुसरी काँक्रीटची, एका पायावर उभी. तिच्याखाली तो असा खुलला की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, यानंच बांधली. मी उगाच विचारलं, "पण एवढ्या उंच कशाला बांधतात?"

झालं. त्यानं बाटलीतलं पाणी नळीत भरलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "वर करा." मी केलं, तर त्याच्या टोकातून पाणी भसकन त्याच्या बुटांवर सांडलं.

"बघा," तो खूश होऊन म्हणाला. "मधे कितीही वळणं असोत, पाणी दुसऱ्या टोकाला तेवढीच उंची गाठायला बघतं. पंपानं एकदा वर चढवून ठेवलं की मग आपल्याच वजनानं घरोघरी जातं. वीज गेली तरी जातं. टाकी नुसती रुंद असून जोर येत नाही, उंच पाहिजे."

"म्हणजे रुंदीचा काही उपयोग नाही," मी त्याच्या पोटाकडे बघत म्हटलं.

"टाकीच्या बाबतीत," तो म्हणाला आणि त्यानं आपलं टोक वर केलं. माझी बाही भिजली. मग मी माझं केलं. घोड्याएवढी झालेली दोन माणसं भर रस्त्यात एकमेकांना भिजवत होती आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

तिसरी टाकी चालू होती. रखवालदार त्याच्या ओळखीचा, म्हणून आम्हाला वर जाऊ दिलं. गोल गोल जिना, एकशे ब्याण्णव पायऱ्या. वर पोचेपर्यंत डोकं गरगरत होतं आणि आम्ही कशाला हसतोय ते आम्हालाच कळत नव्हतं. कठड्याला धरून मी बोट दाखवलं. "ती आमची खिडकी. निळी चादर वाळत घातलीय ती."

त्याचं हसू थांबलं. नळीची दोन्ही टोकं हातात धरून, दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेवरून त्यानं एक डोळा मिटून खिडकीकडे पाहिलं. "ती तर बरीच खाली आहे. मग पाणी यायलाच पाहिजे."

"आठ वर्षं येत नाही. करंगळीएवढी धार, तीही मनात आलं तर. चौथ्या मजल्यावर चढत नाही म्हणतात सगळे."

"पाण्याला मजले मोजता येत नाहीत," तो म्हणाला.

मग मी त्याला बारा बादल्यांचं सांगून टाकलं. आईच्या गुडघ्यांचंही. कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून इतकं हलकं वाटलं की मी कठडा आणखी घट्ट धरला.

घरी येताच तो आमच्या पाईपच्या मागे लागला. पाईप शिरला घड्याळजींच्या दुकानात, भिंतीतल्या कपाटामागे. कपाट सरकवलं. मागे व्हॉल्व्ह, जवळजवळ पूर्ण बंद.

घड्याळजींचा चेहरा पडला. "तो पाईप घुंई घुंई करायचा हो, टिकटिक ऐकूच यायची नाही. म्हणून जरासा फिरवला होता. आठ दिवसांपुरता."

सेकंदाचीही चूक न करणारा हा माणूस. रोज सकाळी मी त्याचे आभार मानत होते. त्याच्या नळाचे उपकार म्हणून आई दर वर्षी त्याला एक मफलर विणून देत होती. त्यातला आठवा आत्ता त्याच्या गळ्यात होता. मला चिडायचं होतं, पण मफलर बघून हसूच फुटलं.

प्लंबरनं चाक पूर्ण फिरवलं. भिंत घुमली. क्षणभरानं वरून आईची किंकाळी आली आणि मला आठवलं, येईल तो थेंब पकडायला आमचे तिन्ही नळ कायम उघडेच असतात.

आम्ही धावत सुटलो. तिसऱ्या मजल्यावर पाणीच आम्हाला भेटायला आलं. वर आई घोट्याएवढ्या पाण्यात उभी, तिन्ही नळ धो धो वाहताहेत आणि ती हसतेय. प्लंबर मोरीतला नळ बंद करायला गेला. एवढ्यात चपला हातात घेऊन मावशी दारात हजर.

"हे काय चाललंय? ते असू दे. हो की नाही?"

मी बोलणार तोच आई म्हणाली, "नीट विचार करून सांग. बादल्यांचं कारण आता वाहून गेलं. मला काय कळत नव्हतं? उगाच त्या पोरांच्या नाकांना नावं ठेवत होतीस."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी 'हो' म्हटलं.

"काय म्हणाली?" मावशी ओरडली. "आधी तो नळ बंद करा, काही ऐकू येत नाही."

"राहू दे चालू," आई म्हणाली. "तूच मोठ्यानं सांग. मोरीपर्यंत जाऊ दे."

मी मोठ्यानं सांगितलं.