चाकामधली चकती

नवरा जुन्या टूथब्रशने जीपच्या चाकातली नदीची वाळू खरवडत होता. लग्नाच्या बारा वर्षांत त्याने स्वतःचे दातही एवढं मन लावून घासले नव्हते. ती गॅरेजच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. कप तिने स्वतःपुरताच आणला होता.

"सर्व्हेअरनं विचारलं तर रेल्वे पुलाखालचा रस्ता सांगायचा," तो म्हणाला. "पाणी तुंबलं, गाडी बंद पडली, विषय संपला. हौसेनं नदीत घातली हे कळलं तर विमा कंपनी छदाम देणार नाही. मग ही जाईल भंगारात. भंगारवाला बघूनही गेलाय."

जीप तिच्या बाबांची होती. तीस वर्षं कालव्यांच्या कामावर, चिखलातून त्यांनी ती हाकली आणि जाण्याआधी जावयाच्या नावावर करून दिली. बाबांचा माणसांचा अंदाज एकदाच चुकला, पण सणसणीत चुकला. जावयाने टपावर चार दिवे बसवले, दहा खिशांचं जाकीट शिवून घेतलं आणि दर रविवारी स्वतःसारख्याच रिकामटेकड्यांना घेऊन तो 'मोहिमेवर' जाऊ लागला. जाकिटाच्या खिशांत ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून एकात तो दुसऱ्या जाकिटाची पावती ठेवायचा.

गेल्या रविवारची मोहीम नदीच्या पात्रातच आटोपली. त्याचा व्हिडिओ त्यानेच तिला कौतुकाने दाखवला. मागची चाकं वाळू उडवत खाली खाली जात होती आणि पुढची ढिम्म उभी होती. शेवटी इंजिनात पाणी शिरलं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागला. काय चुकलं ते तिला पाहताक्षणी कळलं. या जुन्या गाडीत चारही चाकांना जोर देणारा दांडा नुसता ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधली चकती हाताने फिरवून 'लॉक'वर आणावी लागते, नाहीतर पुढच्या चाकांना जोर मिळतच नाही. बाबा त्या कामाला तिला खाली उतरवायचे, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नवऱ्याला ती चकती शोभेची वाटत असावी. त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

सर्व्हेअर आला. साठीचा माणूस, नखांत जुनं काळं ऑइल. नवऱ्याने पुलाखालची कथा रंगवून सांगितली. सुरुवातीला गुडघाभर असलेलं पाणी कथा संपेपर्यंत कमरेला लागलं. सर्व्हेअरने एअर फिल्टर उघडला आणि आतला गाळ बोटांत चोळला.

"पुलाखाली नदीची वाळू, साहेब?"

"वाहून आली असेल."

सर्व्हेअरने बोटं फडक्याला पुसली. तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, मग पलीकडे जाऊन दुसरं चाकही पाहून आला.

"दोन्ही लॉक सुटे, फ्रीवर आहेत. नंतर कोणी फिरवले का?"

"काय फिरवले?" नवऱ्याने विचारलं. सकाळपासून एवढंच तो खरं बोलला.

सर्व्हेअर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिची नजर चकतीवरच होती.

"मॅडम, तुम्हाला माहीत दिसतंय. नदीत गाडी घालणारा माणूस हे लॉक न करता घालेल?"

हा घालेल. दोनच शब्द होते, बारा वर्षं मुरलेले, अगदी जिभेच्या टोकावर आलेले. दाराशी बाबांची जीप उभी होती, नाक खाली घालून.

"तीस वर्षं ही गाडी माझ्या बाबांनी चालवली," ती म्हणाली. "असा माणूस त्यांनी कधी पाहिला नाही."

सर्व्हेअरने मान डोलावली. कागदावर 'रस्त्यावरील पाणी' असं लिहिलं, नवऱ्याची सही घेतली आणि तो निघून गेला.

फाटक लागलं, तरी नवरा तिच्याकडे बघतच होता. असं तर त्याने लग्नातही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"काय सफाईनं बोललीस गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, हे आपल्या घरात फक्त मलाच जमतं."

चहा गार झाला होता. तिने तो दाराबाहेर ओतला आणि चाकापाशी जाऊन बसली. चकतीवर बोटं ठेवली. बाबांच्या वेळेसारखीच ती अर्धा वळसा घेऊन टक्‌कन बसली.

"ते लॉक-बिक काय म्हणत होता तो?" नवऱ्याने मागून विचारलं.

तिने चकती परत होती तशी फिरवून ठेवली.

"काही नाही," ती म्हणाली. "शोभेचं झाकण आहे."