भानुताईंचा पहिला शेवट

खरवईचा धर्मेश हा ह्यांचा जुना विद्यार्थी; त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर खंडेनवमीची पूजा होती. कोयता, विळा, ट्रॅक्टरची चावी आणि मधोमध एक जुनं पुस्तक. आमच्या ह्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि ताडकन उठले. "अंजनी, भानुताईंची पहिली आवृत्ती!"

झालं! आमचे हे म्हणजे हरिचंद्र मास्तर. उभा जन्म भानुताईंच्या बालकथा गोळा करण्यात आणि त्यांवर लिहिण्यात घातला. कुळगावच्या आमच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा भानुताईच जास्त. त्यांच्या एका गोष्टीत रागावून घर सोडलेली मुलगी शेवटी परत येते. सगळ्यांनी तेच वाचलंय. ह्यांचं म्हणणं, पहिल्या आवृत्तीत ती येतच नाही, तो शेवट भानुताईंनी मागाहून बदलला. पण पहिली आवृत्ती कुणी पाहिलीय?

वाद पुस्तकातच राहिला असता तर माझं काय जात होतं? पण आमची करिष्मा स्वतःच्या मर्जीनं लग्न करून अंबरनाथला गेली, तेव्हा हे म्हणाले, "गेलेली मुलगी परत येत नसते. भानुताईंनीच लिहिलंय." तेव्हापासून तिला दार बंद. मी आपली चोरून फोन करते. म्हणून खरवईच्या रिक्षात बसल्यापासून मी देवाला एकच सांगत होते, ह्यांना खोटं पाड रे बाबा.

धर्मेशची आई पुतळाबाई पाणी घेऊन आली. तांब्याकडे न बघताच ह्यांनी पुस्तकाकडे हात नेला.

"मास्तर, हात नका लावू!" ती ओरडलीच. "पूजेत मांडलंय. आज नाय उघडायचं. उद्या पूजा हलली का बघा."

"एकच पान, पुतळाबाई. शेवटचं."

"आमच्या मालकांना शाळेत बक्षीस भेटलेलं. घरात एवढंच पुस्तक. नाय म्हंजे नाय."

हा माणूस आता ओढूनच घेतोय की काय, अशी मला धास्ती. पण उठले निमूट. घरी आल्यावर जेवलेही नाहीत.

दसऱ्याला सकाळीच पुन्हा खरवई. पुतळाबाईनं अक्षता टाकून पूजा हलवली आणि पुस्तक पदरानं पुसून ह्यांच्या हातात दिलं. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवानं पानं चिकटलेली. हे नखानं अलगद सोडवत होते, आणि मी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते.

"नाही आली," हे म्हणाले. "आई ताट वाढून बसलीय. ताटातलं गार होतं, आणि गोष्ट संपते. मी म्हणत होतो तेच."

जिंकले! आणि मटकन खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागले.

माझं डोकंच फिरलं. "आता कसले रडता? मिळालं ना हवं ते? हा शेवट त्या बाईनं लिहिला, आणि तिलाच सोसला नाही. लिहिणारीनं बदलला हो! तुम्ही तर नुसते वाचणारे!"

ह्यांनी डोळे पुसले, पुस्तक पुतळाबाईच्या हातात परत दिलं आणि माझ्यापुढे हात केला.

"फोन दे तुझा."

नंबर मीच लावून दिला. पलीकडून आवाज आला, "हां, बोल आई."

"आई नाही, मी आहे," हे म्हणाले. "आज दसरा आहे. जावयांना घेऊन जेवायला ये."